गरीब कुत्रं

पौष लागला की आमच्या वाशीमात माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली सोडून हुरड्याची चौकशी करू लागतात. कोणाची ज्वारी अजून दुधात आहे, कोणाची निबर झाली, रविवारी कोणाच्या शेतात आगटी पेटणार, याच्या चर्चा ओट्याओट्यावर रंगतात. आज सकाळी यांचा एक जुना विद्यार्थी आला आणि ओल्या फडक्यात बांधलेली हिरवीगार कणसं ओसरीवर ठेवून गेला. मुलं नाचायला लागली. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

"आई हुरडा खात नाही" हे वाक्य आमच्या घरात आता इतकं जुनं झालं आहे की त्याचं कारण कोणी विचारत नाही. पोटाला बाधतो, असं मी पूर्वी सांगत असे. पोटाचं काही नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेल्या कणसांचा वास नाकात शिरला की मला शिसारी येते, आणि ती कणसांची नसते. पंधरा वर्षं होत आली, तरी ती कमी झालेली नाही.

माझा स्वभाव मुळातच नाक मुरडणारा. दुधावरची साय कोणी बोटाने उचलली तरी माझा घास अडतो. पंगतीत शेजारचा भुरके मारू लागला की मी पाट सरकवते. माहेरी कारंज्याला असताना आई म्हणायची, हिला घर सारवायला सांगा, ती शेण चिमटीत धरून येईल. सासरी आले ती वाशीमात, यांची शाळा जिथे होती तिथे, आणि पहिलं घर मिळालं ते कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागे. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे हातभर अंगण. दिवाळी झाली की जिन सुरू व्हायचा. मग माघापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग दारातून जायची. बैलांचं शेण, मूत, गाडीवानांच्या पिचकाऱ्या, सरकीच्या ढिगाचा तो कुबट वास, आणि या सगळ्यावर तरंगणारे कापसाचे तंतू. ते वरणात पडायचे, केसांत अडकायचे, झोपेत नाकात जायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी रोज सकाळी उठून दाराबाहेर पाहायची आणि आईला पत्र लिहायचं ठरवायची.

त्या कार्तिकात हे एका संध्याकाळी शाळेतून आले ते अंगावरच्या उपरण्यात काहीतरी गुंडाळून. बैलबाजार उठून गेल्यावर मैदानात एका खुंटाला बांधलेलं राहिलं होतं म्हणे. कोणी बांधलं, का बांधलं, कोणास ठाऊक. ओसरीवर त्यांनी ते उपरणं उघडलं आणि मी पदर तोंडाला लावून आत पळाले. कुत्रं होतं. पिल्लू नाही आणि पुरतं वाढलेलंही नाही. लहानपणी बांधलेली सुंभाची दोरी कोणी सैल केली नव्हती आणि कुत्रं वाढत गेलं होतं. दोरी मानेत रुतून दिसेनाशी झाली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी मांस फुगलं होतं आणि त्यात किडे वळवळत होते. अंगावर केस कमी, खरूज जास्त. कानांच्या आत गोचिडी दाटीने बसलेल्या. घाणीचा तो वास मी सांगत नाही, कारण मग कोणी पुढचं वाचणार नाही.

"बिचारं मरेल गं," एवढं हे म्हणाले, हातपाय धुतले आणि वह्या तपासायला बसले.

यांच्या दयेचं असं आहे. दया यांची, घाण माझी. यांनी आयुष्यात अनेक जीव वाचवले. पंख मोडलेला पोपट, विहिरीत पडलेलं मांजर, एक आंधळा म्हातारा जो आमच्या ओसरीवर दोन महिने राहिला आणि रोज माझ्या भाजीला नावं ठेवायचा. सगळ्यांना आणून दारात ठेवायचं एवढं यांचं काम. गावात यांचं नाव झालं, मास्तर मोठे मायाळू. उरलेलं मी पुसलं. हे मी रागाने लिहीत नाही असं म्हणणार होते, पण रागानेच लिहिते आहे.

आमच्याकडे पाणी भरायला शेवंताबाई येत असे. वयाने माझ्या आईएवढी, तोंडाने फटकळ, आणि मला बाई म्हणत असली तरी वागवायची लेकीसारखी. तिने दुसऱ्या दिवशी कुत्र्याकडे पाहिलं, घागर खाली ठेवली आणि सांगितलं की मी याले हात लावनार नाई, पण कसं करायचं ते सांगते. मग ती उंबऱ्यावर बसली आणि मी केलं. सीताफळाचा पाला वाटून त्याचा लगदा जखमेत भरायचा आणि वर फडकं बांधायचं. किडे आपोआप बाहेर पडतात. पडले. माझ्या अंगणात, माझ्या हातावर, एक माझ्या बांगडीत अडकला. मी तिथेच बाजूला ओकले आणि तोंड पुसून पुन्हा पाला भरला. दोरी कापायला घरातली कात्री वापरली. ती कात्री मी नंतर एका पडीक विहिरीत टाकली, हे यांना आजही माहीत नाही.

खरजेला करंजाचं तेल आणि गंधक. रोज सकाळी ते अंगाला चोपडायचं. वाटीतलं ते पिवळं-काळं तेल, त्याचा जळका, कडू वास, त्यात मिसळलेला कुत्र्याच्या कातडीचा वास. माझ्या हातांना तो इतका भिनला की जेवताना मी डाव्या हाताने उजव्या हाताला झाकायची. हळदीकुंकवाला गेले तर बायका माझ्यापासून दोन हात सरकून बसायच्या आणि एकमेकींना डोळ्यांनी खुणावायच्या. एकीने तर विचारलंच, मास्तरीणबाई, तुमच्याकडे काही जळलं का? मी म्हटलं, हो, नशीब. त्या हसल्या. मला त्यांच्या हसण्याची किळस आली आणि त्यांचं बरोबर होतं याची जास्त आली.

एक मात्र खरं. ते कुत्रं कधी चावलं नाही. जखमेत बोट घातलं तरी नाही. कण्हायचं, थरथरायचं, आणि मी हात काढला की तोच हात चाटायचं. मी लगेच जाऊन राखेने कोपरापर्यंत घासून धुवायची. ते अंगणातून माझ्याकडे पाहत राहायचं आणि शेपूट जमिनीवर आपटायचं. त्याला त्यात अपमान वाटला नाही. मी त्याला नाव ठेवलं नव्हतं. "ए" म्हणायची. त्याला तेवढं पुरायचं.

गोष्ट गोड व्हायला नको म्हणून हे आधीच सांगून टाकते. ते कुत्रं मेलं नाही. मानेभोवती एक बिनकेसांचा गुलाबी पट्टा तेवढा राहिला, बाकी अंगावर तांबूस, मऊ केस आले. त्याला घर मिळालं आणि त्या घरात ते पुढे खूप वर्षं जगलं, म्हातारं होऊन उन्हात झोपून गेलं. ज्यांना एवढंच हवं असतं त्यांनी इथे थांबावं. हे इथेच थांबतात. कोणी विचारलं की सांगतात, आम्ही एक कुत्रं वाचवलं होतं, त्याला चांगलं घर पाहून दिलं. ऐकणारे माना डोलावतात आणि मी स्वयंपाकघरात जाते.

घर पाहायची वेळ आली ती आमच्या घरमालकामुळे. नानासाहेब शेजारीच राहायचे. तंबाखू खाऊन आमच्या सामाईक भिंतीवर अशा पिचकाऱ्या मारायचे की ती भिंत खालून तांबडी झाली होती. त्यांना कुत्र्याची घाण वाटली. एक दिवस ओसरीशी येऊन, नाकाला धोतराचा सोगा लावून त्यांनी सांगितलं की चंपाषष्ठीच्या आत हे जनावर इथून गेलं पाहिजे, त्यांच्याकडे खंडोबाचं तळी-भंडार असतं. नाही गेलं तर ते जिनातला एक हमाल बोलावतील, तो पोत्यात घालून नेईल आणि दगड मारून मोकळा होईल. हे सगळं त्यांनी सुपारी चघळत सांगितलं. चंपाषष्ठीच्या दिवशी हेच नानासाहेब रोडग्याचा आणि भरिताचा नैवेद्य पहिल्यांदा कुत्र्यापुढे ठेवायचे, खंडोबाचा म्हणून. मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, तो देवाचा कुत्रा, हे गटारातलं. हे उठून नानासाहेबांसाठी पाणी आणायला आत गेले. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाची दया ओसरीपर्यंतच असते.

हातात पंधरा-सोळा दिवस होते. हुरड्याचे दिवस तोंडावर आले होते. शेतात कणसं भरली की डुकरं येतात, पाखरं येतात, चोरही येतात, म्हणून शेतकऱ्यांना कुत्रं हवंच असतं. हे शाळेत येणाऱ्या पालकांना सांगायचे आणि माणसं कुत्रं पाहायला यायची. गाडी दाराशी सोडून, पागोटं सावरत ओसरीवर बसायची. कुत्रं उठून प्रत्येकाच्या पायाशी जायचं, जोडे हुंगायचं आणि उताणं पडायचं. माणूस विचारायचा, कसं हाये कुत्रं? मी दाराआडून कौतुकाने सांगायची, गरीब आहे हो, फार गरीब आहे. कोणाच्या वाटेला जात नाही.

चहा व्हायचा. माणूस म्हणायचा, पाहतो, घरी विचारतो. आणि परत यायचा नाही. असे चार जण गेले. पाचवा तर चहासुद्धा न घेता उठला.

मला कळेना. माझ्या माहेरी गाय घेताना पहिला प्रश्न असायचा, गरीब आहे ना? लाथ मारणाऱ्या गाईला कोण घेईल? मुलगी दाखवतानासुद्धा आमच्याकडे आधी हेच सांगत, पोरगी गरीब आहे. माझ्याबद्दलही सांगितलं होतं. जिच्याकडून त्रास नाही, जी लाथ मारत नाही, बोलत नाही, ती गरीब, आणि तेच तिचं मोल. मी त्या कुत्र्याला माझ्याकडचं सगळ्यात चांगलं विशेषण देत होते.

शेवटी शेवंताबाईला राहवलं नाही. पाण्याची घागर रिकामी करता करता ती म्हणाली, "बाई, तुमी सांगता तरी काय लोकाईले? गरीब हाये म्हनता. गरीब कुत्रं कोन नेईन? गरीब तं आमीच हावो. कुत्रं तिखट पाह्यजे."

तिखट. मी तो शब्द मिरचीपलीकडे फारसा वापरला नव्हता. तिने मला समजावलं की जे कोणाला जवळ येऊ देत नाही, परक्याची पोटरी फोडतं, डुकराच्या अंगावर जातं, ते तिखट कुत्रं. त्याला माणूस भाकरी घालतो. गरीब कुत्र्याला कशाला घालील? मला हे ऐकून घाणच वाटली. जो चावेल त्याला घर, जो चाटेल त्याला पोतं. पण चंपाषष्ठीला चार दिवस उरले होते. नानासाहेबांनी तो हमालही मला दाखवून ठेवला होता, रस्त्यापलीकडे बिडी ओढत बसलेला.

महादेवजी आले ते त्याच दिवशी दुपारी. अनसिंगच्या अलीकडे त्यांची थोडी जमीन होती. अंगाने वाळके, बोलायला हळू, आणि ओसरीवर बसतानाही अर्धेच टेकले, जणू आमची सतरंजी मळेल. त्यांचा पुतण्या यांच्या वर्गात होता. त्यांना मास्तरांबद्दल इतका आदर की यांच्याकडे पाहून बोलायचेच नाहीत, जमिनीकडे पाहून बोलायचे. त्यांनी विचारलं, "बाई, कुत्रं कसं हाये?"

मी म्हटलं, "तिखट आहे."

दुसरा शब्द मला जोडावा लागला नाही. जीभ अडखळली नाही, कान तापले नाहीत. आतापर्यंत मला वाटत होतं की खोटं बोलताना माणसाला स्वतःचीच किळस येत असेल. तसं काही झालं नाही. कुत्रं तेव्हा खाटेखाली झोपलं होतं. हे माझ्याकडे पाहून पुन्हा वहीत डोकं घालून बसले.

महादेवजींनी न्यायला म्हणून कमरेची दोरी सोडली आणि तिचा फास करून खाटेशी वाकले. ती दोरी दिसताच कुत्र्याने जे केलं ते मी महिनाभरात कधी पाहिलं नव्हतं. भिंतीला पाठ लावून ते दात विचकून गुरगुरलं, हवेत चावे घेतले, डोळे पांढरे केले. महादेवजींच्या बाहीचा तुकडा त्याच्या दातात आला. ते भ्यालं होतं. त्याच्या पायाखाली मूत वाहत होतं. ते मला दिसत होतं, कारण मीच पुसणार होते. महादेवजींना फक्त दात दिसले. ते खूश होऊन मागे सरले आणि फाटकी बाही झटकत म्हणाले, "हां. तिखट हाये."

मी तोंड उघडलं असतं तर तेव्हाच. मी म्हणाले, दोरी लावू नका, त्याला उचलून गाडीत घाला. तेवढंच म्हणाले. मीच उचललं, मीच गाडीत ठेवलं. माझ्या हातात आल्याबरोबर ते शांत झालं आणि करंजाच्या तेलाचा तो वास माझ्या खांद्याला लागला. गाडी वळेपर्यंत ते माझ्याकडे तोंड करून बसलं होतं. मी आत आले, अंगण शेणाने सारवलं, उदबत्ती लावली, अंगाला डाळीचं पीठ लावून न्हाले. त्या रात्री मी पोटभर जेवले. महिनाभरात पहिल्यांदा मला अन्नाचा वास आला होता. सुटले, असं मी मोठ्याने म्हटलं आणि हे हसले. आम्ही दोघं फार दिवसांनी एकत्र हसलो.

पौषात महादेवजींचं बोलावणं आलं, मास्तरांनी आणि बाईंनी हुरडा खायला यावं. पुतण्याबरोबर दोनदा निरोप. एका रविवारी त्यांनी गाडीच पाठवली. आत गवत पसरून त्यावर नवी घोंगडी घातली होती. दिवस सुंदर होता, हे कबूल करते. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्यावर गेलेली, कणसांवर ऊन, मध्येच तुरीचा पिवळा पट्टा. मी मनात म्हणत होते की बरं झालं, त्याला हे मिळालं. जिन नाही, गाड्यांची घाण नाही. स्वतःबद्दल मला चांगलं वाटत होतं.

शेतात आंब्याखाली आगटी पेटवली होती. महादेवजींच्या घरची, गंगाबाई, गरम कणसं फडक्यात धरून हातांनी चोळून आमच्या पुढ्यात दाणे पाखडून टाकत होती. सोबत जवसाची चटणी, गूळ, खोबऱ्याचा तुकडा जो खास आमच्यासाठी आणला असावा, कारण तो त्यांनी स्वतः घेतला नाही. मी दोन मुठी खाल्ल्या. गोड, दुधाळ, ओठाला वाफ लागेल इतका ताजा. इतकं चांगलं मी त्या वर्षात काही खाल्लं नव्हतं.

"ए मास्तर, इकडं ये," गंगाबाईने हाक मारली. यांनी मान वर केली. गंगाबाई लाजून पदरात तोंड लपवून हसायला लागली, कुत्र्याचं नाव मास्तर ठेवलं होतं, मास्तरांच्या घरचं म्हणून. हेही हसले. मग कडब्याच्या गंजीमागून ते आलं.

त्याला कान नव्हते. मुळाशी कापलेले. दोन्ही बाजूंना हळद आणि राख थापलेली, तिच्यावर माश्या. डोकं चेंडूसारखं गोल दिसत होतं आणि त्यात ते डोळे. ते सरळ माझ्याकडे आलं, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माझी हुरड्याची मूठ चाटू लागलं.

महादेवजींनी अगदी सहजपणे सांगितलं, जसं एखादा पाहुण्याला नव्या विहिरीबद्दल सांगतो. कुत्रं काही भुंकेना. डुकरं आली तरी त्यांच्याकडे पाहून शेपूट हलवायचं. चोर आला असता तर त्याचेही पाय चाटले असते. मग गावातले म्हातारे म्हणाले, कान राहिलेत ना, म्हणून. शहरातले लोक कान ठेवतात, त्यांना ठाऊक नसतं. आपल्याकडे कान कापतात, भाजतात, भाकरीत कुस्करून त्याचे त्यालाच चारतात. मग कुत्रं तिखट होतं. त्यांनी विळा तापवून कापले. भाजले ते याच आगटीत.

"खाल्ले त्यानं," गंगाबाई म्हणाली. "दोनी खाल्ले. माह्या हातानं चारले."

माझ्या तोंडात दाणे होते. ते तसेच राहिले. मी त्या दोघांकडे पाहिलं आणि मला त्यांची किळस यावी म्हणून वाट पाहिली. आली असती तर बरं झालं असतं. पण कुत्र्यासाठी आंब्याखाली पोतं अंथरलेलं होतं, मातीच्या परळात ताक होतं, आणि माझ्याशी बोलता बोलता गंगाबाई पदराने त्याच्या जखमांवरच्या माश्या वारत होती. कोणी न सांगता, सवयीने. मानेभोवती दोरी नव्हती. मी त्यांना दोरी लावू नका म्हटलं होतं, ते त्यांनी पाळलं होतं. सगळं पाळलं होतं.

महादेवजी अजून बोलत होते. कान कापूनही फारसा फरक नाही, म्हणून आता म्हातारे म्हणतात की आठ दिवस उपाशी ठेवून रोज मिरचीची धुरी द्यावी. तेवढं एकदा करून पाहायचं होतं, आज पाहुणे येणार म्हणून थांबले होते.

मी दाणे थुंकले आणि सांगितलं. हे माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते, पण सांगितलं. ही माणसं आता त्याला हाकलतील का, नानासाहेबांच्या हमालासारखा इथेही कोणी असेल का, हा सगळा विचार त्या क्षणी माझ्या मनात होता, आणि कुत्र्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"महादेवभाऊ, ते तिखट नाही. कधीच नव्हतं. मला ठाऊक होतं, मी खोटं बोलले. दोरीला भ्यालं होतं ते."

महादेवजींनी काडीने निखारे सारले. गंगाबाईचा पदर थांबला. मग ते जमिनीकडेच पाहत म्हणाले, "ते तं आमाले दुसऱ्याच दिशी समजलं होतं, बाई. आमचं रांगतं पोर त्याच्या अंगावर झोपे."

"मग कान का कापलेत?"

"तुमी म्हनलं होतं ना, तिखट हाये म्हून. मास्तरच्या घरचा शब्द. शिकलेलं मानूस आमाले कायले खोटं सांगीन? आमी म्हटलं, कुत्रं तं तिखटच असंन. आमचंच काही चुकून राह्यलं असंन."

गंगाबाईने कुत्र्याला माझ्या मांडीवरून हळूच आपल्याकडे ओढून घेतलं आणि म्हणाली की राहू द्या आता गरीबच, खाईन तेबी आमच्यातलंच. महादेवजींनी मान डोलावली. मग ते उठले, पागोटं सारखं केलं, आणि पाहुण्यांच्या जेवणात आपल्यामुळे विघ्न आलं म्हणून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.